गल्लीत वाहनबंदी हवी आहे? आधी कागद पक्का करा

दिवाळीच्या आठवड्यात नाशकातल्या मेन रोडवर पायी फिरलेल्या माणसाला पादचारी रस्ता का हवा हे समजावून सांगावं लागत नाही. दोन्ही बाजूंना लावलेल्या दुचाक्या, मधून वाट काढणारी रिक्षा, भर गर्दीत माल उतरवणारा छोटा हत्ती, आणि या सगळ्यातून लेकराचा हात घट्ट धरून चाललेली आई. रविवार कारंजा, सराफ बाजार, दहीपूल, भद्रकाली, रामकुंडाकडे उतरणारे बोळ हे सगळे रस्ते मोटारी येण्याच्या कितीतरी आधी घडले. तिथली वाहनं कमी व्हावीत असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच ही बंदी घाईघाईत, कच्च्या कागदावर घातली जाऊ नये असंही वाटतं. एखाद्या रहिवाशाने वा दुकानदाराने न्यायालयात जाऊन ती रद्द करून घेतली, की पुढे बरीच वर्षं त्या रस्त्याचा विषय काढायला कोणी तयार होत नाही.

या कामात नव्याने लक्ष घालणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे: मोहल्ल्यातली समिती, व्यापारी संघटना, मंडळाचे कार्यकर्ते. आणि ज्यांचं घर किंवा दुकान अशा बंद होणाऱ्या रस्त्यावर आहे, त्यांच्यासाठीही.

पायरी पहिली: रस्ता कोणाचा आणि आयुक्त कोणते

नाशकात ‘आयुक्तांकडे अर्ज दिला’ असं कोणी म्हणालं की पहिला प्रश्न विचारायचा, कोणत्या आयुक्तांकडे? महापालिका आयुक्त आणि पोलीस आयुक्त हे दोघं वेगळे, त्यांचे कायदे वेगळे, अधिकारही वेगळे. शहरातले बहुतेक सार्वजनिक रस्ते महापालिकेकडे निहित असतात. म्हणजे रस्त्याचं बांधकाम, फरसबंदी, खांब, दिवे ही कामं महापालिकेची. त्या रस्त्यावरची वाहतूक नियंत्रित करणं हे मुख्यतः पोलीस आयुक्तालयाच्या वाहतूक शाखेचं काम. दोघांपैकी एकालाच विश्वासात घेतलं तर काम अर्धवट राहतं. फरसबंदी होते पण बंदी नसते, किंवा बंदी असते पण ती जाणवेल असं रस्त्यावर काहीच नसतं.

राष्ट्रीय महामार्ग किंवा सार्वजनिक बांधकाम विभागाच्या ताब्यातला रस्ता असेल तर त्यांची संमती लागते. त्र्यंबकेश्वरचं चित्र वेगळं आहे. तिथे महापालिका नाही, नगरपरिषद आहे, आणि पोलीस ग्रामीणचे. त्यामुळे तिथला वाहतूक आदेश जिल्हाधिकाऱ्यांकडे, म्हणजे जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे मागायचा.

सोसायटीचा अंतर्गत रस्ता खाजगी आहे की महापालिकेकडे हस्तांतरित झालेला, हे मंजूर अभिन्यासाच्या (लेआउटच्या) नकाशावर बघून घ्या. रस्ता सार्वजनिक असेल तर त्यावर साखळी, दगड, कुंड्या किंवा गेट लावायचा अधिकार रहिवाशांना नाही, सगळ्यांनी एकमताने ठराव केला तरी नाही. असे अडथळे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ नुसार महापालिका हटवू शकते. शिवाय सार्वजनिक वाट अडवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ खाली गुन्हा असून त्याला पाच हजार रुपयांपर्यंत दंड आहे. हेतू कितीही चांगला असो, सुरुवात इथून करू नका.

पायरी दुसरी: बंदी कोणत्या कलमाखाली

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. माझ्या अनुभवात गोंधळ इथेच होतो.

मोटार वाहन अधिनियम १९८८ चं कलम ११५ हा मुख्य आधार. सार्वजनिक सुरक्षितता, लोकांची सोय, किंवा रस्त्याचं वा पुलाचं स्वरूप यासाठी आवश्यक वाटलं तर राज्य शासन, किंवा शासनाने प्राधिकृत केलेला अधिकारी, ठरावीक रस्त्यावर किंवा भागात मोटार वाहनांना बंदी घालू शकतो किंवा निर्बंध लावू शकतो. सगळ्या वाहनांना बंदी घालता येते किंवा फक्त एका प्रकारच्या वाहनांना, उदाहरणार्थ मालवाहू. अपवाद आणि अटी ठेवता येतात. मात्र दोन गोष्टी सक्तीच्या आहेत: अधिसूचना राजपत्रात प्रसिद्ध व्हायला हवी, आणि कलम ११६ प्रमाणे जागेवर वाहतूक चिन्हं लागायला हवीत.

याच कलमात एक सवलत आहे. बंदी एक महिन्यापेक्षा जास्त काळ राहणार नसेल तर राजपत्राची गरज नाही, परिस्थितीनुसार स्थानिक प्रसिद्धी पुरते. वाकडी बारवेपासून निघणारी गणेश विसर्जन मिरवणूक, नवरात्रातली कालिका मातेची यात्रा, पंचवटीतला श्रीराम रथोत्सव, रंगपंचमीला रहाडींच्या, म्हणजे रंग खेळायच्या जुन्या हौदांच्या, आसपासचे बंद रस्ते हे सगळं या महिनाभराच्या चौकटीत आरामात बसतं. अडचण येते ती ‘तात्पुरती’ बंदी दर महिन्याला नव्याने काढून वर्षभर चालवली जाते तेव्हा. कायमची बंदी हवी असेल तर राजपत्राचा लांबचा रस्ताच धरा, असं मी आग्रहाने सांगेन. महिन्या-महिन्याची मुदतवाढ ही सवलतीच्या हेतूला धरून नाही, आणि आव्हान दिलं गेलं तर पहिला घाव तिथेच बसतो.

दुसरा आधार महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ चं कलम ३३. धोका, अडथळा किंवा गैरसोय टाळण्यासाठी रस्त्यांवरची सगळ्या प्रकारची रहदारी आणि वाहनं उभी करणं यांचं नियमन पोलीस आयुक्त याखाली करतात. याची गरज का पडते? कलम ११५ फक्त मोटार वाहनांना लागू आहे. सायकल, हातगाडी, टांगा त्यात येत नाहीत. अडीचशे वॉटपेक्षा कमी शक्तीच्या आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या, ठरावीक वजनाच्या आतल्या विजेच्या दुचाकीही नियमांप्रमाणे मोटार वाहनात मोडत नाहीत. त्यामुळे आदेशात नुसतं ‘मोटार वाहनांना बंदी’ असेल तर या गाड्या कायदेशीरपणे आत येऊ शकतात. त्या याव्यात की नाही हे आधी ठरवा आणि आदेशात स्पष्ट लिहून घ्या. माझं मत विचाराल तर सायकल आणि हातगाडीला गर्दीच्या वेळेबाहेर मोकळीक असावी. बाजारपेठ त्यांच्यावरही चालते.

तिसरा आधार महापालिकेकडे आहे, महानगरपालिका अधिनियमाचं कलम २०८. महासभेच्या, म्हणजे नगरसेवकांच्या सभेच्या, मंजुरीने महापालिका आयुक्त आपल्या ताब्यातल्या एखाद्या रस्त्यावर वाहनांना मनाई करू शकतात. तशी सूचना रस्त्याच्या दोन्ही टोकांना ठळक जागी लावावी लागते. इथे कळीची गोष्ट मंजुरीची. आयुक्तांच्या एकट्याच्या सहीचं परिपत्रक पुरत नाही, ठराव लागतो. म्हणून प्रभागातल्या नगरसेवकाला सुरुवातीपासून सोबत घ्या.

आणीबाणीचे अधिकार वेगळे. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला, गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी लागलं, की गोदाघाट वाहनांना बंद होतो. तिथे आपत्ती व्यवस्थापन अधिनियम २००५ च्या कलम ३४ खाली जिल्हा प्राधिकरण वाहतूक रोखू शकतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खालचे तातडीचे आदेशही असतात, पण दंडाधिकाऱ्याचा असा आदेश सर्वसाधारणपणे दोन महिन्यांच्या पुढे टिकत नाही. पूर, दंगल, चेंगराचेंगरीची भीती यांसाठी बनवलेलं हत्यार पादचारी बाजारपेठ घडवायला वापरू नये.

आता सिंहस्थ कुंभमेळ्याबद्दल. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण आहे, आणि २ ऑगस्ट व ३१ ऑगस्ट २०२७ ला पहिली दोन अमृतस्नानं. त्या काळात जुन्या नाशकात आणि पंचवटीत मोठे निर्बंध येतील, आणि यायलाच हवेत. २००३ च्या सिंहस्थात अरुंद रस्त्यावर झालेली चेंगराचेंगरी नाशिककर विसरलेले नाहीत. पण पर्वणीचे निर्बंध पर्वणीपुरते. ते संपल्यावर ‘आता राहू द्या बंदच’ असं म्हणून चालत नाही. बंदी कायम ठेवायची तर नवा आदेश, नवं कारण, नवी प्रक्रिया.

पायरी तिसरी: कारण लिहून घ्या

रस्ता सगळ्यांचा आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ मध्ये संचाराचं आणि व्यवसायाचं स्वातंत्र्य आहे, आणि त्यावर वाजवी निर्बंध घालण्याची मुभाही तिथेच आहे. सगळा वाद ‘वाजवी’ या शब्दाभोवती फिरतो. बंदी कोणत्या हेतूने, त्या हेतूशी तिचा संबंध काय, त्याहून कमी जाचक उपाय होता का, लोकांना होणारा त्रास फायद्याच्या मानाने फार मोठा नाही ना, हे न्यायालय पाहतं.

इथे हिंमतलाल शहा विरुद्ध अहमदाबादचे पोलीस आयुक्त हा १९७२ चा निकाल माहीत असावा. प्रकरण वाहनांचं नव्हतं, रस्त्यावरच्या सभांचं होतं. पण नियम याच पोलीस अधिनियमाच्या कलम ३३ खाली केलेला होता. रस्त्याच्या वापराचं नियमन करता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं. मात्र परवानगी कधी द्यायची आणि कधी नाकारायची याचे कोणतेही निकष न देता सगळं अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडणारा नियम रद्द केला. आपल्या कामासाठी यातून घ्यायचं ते हे: ‘पोलीस परवानगी देतील ती वाहनं सोडून’ असं मोघम वाक्य आदेशात नको. कोणाला परवानगी, कोणत्या आधारावर, अर्ज कुठे, उत्तर किती दिवसांत, हे लिहिलेलं हवं.

पादचाऱ्यांची बाजूही आता पूर्वीपेक्षा भक्कम आहे. एस. राजसीकरन प्रकरणात १४ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने पदपथ वापरण्याचा पादचाऱ्यांचा हक्क अनुच्छेद २१ चा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा भाग मानला. तुमच्या निवेदनात याचा उल्लेख जरूर करा. पण त्याच्या जोडीला स्थानिक पुरावा हवाच. गर्दीच्या तासाला किती माणसं चालतात, किती वाहनं येतात, त्यातली नुसती आरपार जाणारी किती, रस्त्याची मोकळी रुंदी किती उरते. कामाचा एक वार आणि एक रविवार, सकाळ-दुपार-संध्याकाळ मोजणी केली तरी आदेशाला जोडायला ठोस आकडे हाती येतात. जवळच्या पोलीस ठाण्याकडून अपघातांची नोंद मागा. ‘वाहतूक कोंडी होते’ एवढं तीन शब्दांचं कारण असलेला आदेश दुबळा असतो.

पायरी चौथी: सूट कोणाला

अग्निशमन दल, रुग्णवाहिका आणि पोलीस यांना सूट हे सांगायलाही नको, पण ती कागदावर असून भागत नाही. जुन्या नाशकात लाकडी वाडे आहेत. पावसाळ्यात ते कोसळतात, कधी आग लागते. बंबाला आत शिरता आलंच पाहिजे. म्हणून तोंडाशी काँक्रीटचे ठोकळे टाकू नका, काढता किंवा आडवे करता येतील असे खांब लावा आणि त्यांच्या किल्ल्या अग्निशमन केंद्रात व पोलीस चौकीत ठेवा. अंतिम आराखड्यावर अग्निशमन विभागाचं लेखी मत घ्या. रस्ता मोकळा झाल्यावर दुकानं पुढे सरकतात, मांडव चढतात, याचाही विचार त्याच वेळी करा.

दिव्यांगांचा प्रश्न दयेचा नाही, हक्काचा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ नुसार रस्ते आणि सार्वजनिक जागा त्यांना वापरता याव्यात ही शासनाची जबाबदारी आहे. चालता न येणाऱ्या माणसाला ज्या रस्त्यावर वाहनातून जाता येत नाही आणि व्हीलचेअरवरूनही जाता येत नाही, तो रस्ता त्याच्यासाठी बंद झाला. खांबांमध्ये साधारण १.२ मीटर अंतर ठेवा, उतार हळुवार ठेवा, दिव्यांगांच्या वाहनाला सूट द्या किंवा तोंडापासून बॅटरीवर चालणारी गाडी द्या. रामकुंडावर महाराष्ट्रभरातून लोक दशक्रियेला आणि अस्थिविसर्जनाला येतात. त्यांच्यात ऐंशीच्या घरातली माणसं असतात. त्यांना मालेगाव स्टँडला उतरवून ‘आता चाला’ म्हणणं मला पटत नाही. शववाहिकेचाही विचार करा. तो अपवाद आदेशात बऱ्याचदा राहून जातो.

आत राहणाऱ्यांना स्वतःच्या घरी वाहन नेण्याची सोय हवी. ज्यांच्या वाड्यात किंवा इमारतीत गाडी लावायला जागा आहे त्यांना पास द्या, ज्यांना नाही त्यांच्यासाठी जवळ जागा ठरवा. गाडी कुठे उभी करायची हे मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ११७ खाली स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून ठरवलं जातं. बंदीचा आदेश आणि पार्किंगचा आदेश एकाच दिवशी निघाला पाहिजे. नाहीतर शेजारची गल्ली तुंबते आणि तिथले लोक तुमच्या विरोधात उभे राहतात. त्यांचं चूक नसतं.

व्यापाऱ्यांसाठी माल चढवण्या-उतरवण्याची वेळ ठेवा. बाजार उघडण्याआधीची सकाळ आणि रात्री उशिराची वेळ बहुतेकांना चालते. पण प्रत्येक पेठेला विचारा. गोळे कॉलनीतल्या औषधांच्या घाऊक बाजाराची गरज आणि सराफ बाजाराची गरज एक नाही. गॅस सिलिंडर, पाण्याचा टँकर, महापालिकेची घंटागाडी, बँकेची रोकड व्हॅन, वीज दुरुस्तीची गाडी यांना वेळ ठरवून द्या.

देशात जिथे कडक बंदी आहे तिथेही हे अपवाद आहेत. माथेरानला गाड्या दस्तुरी नाक्यावर थांबतात. ती बंदी ४ फेब्रुवारी २००३ च्या केंद्र सरकारच्या पर्यावरणीय अधिसूचनेवर उभी आहे, आणि तरी रुग्णवाहिका व अग्निशमनाची गाडी आत जाते. सिमल्यातल्या बंद आणि निर्बंधित रस्त्यांसाठी हिमाचल प्रदेशाने २००७ मध्ये स्वतंत्र कायदाच केला. बंदी जितकी कडक, तितका तिचा कायदेशीर पाया खोल लागतो.

पायरी पाचवी: फेरीवाल्यांना विसरू नका

पथविक्रेता अधिनियम २०१४ नुसार नगर पथविक्रेता समितीला वगळून फेरीवाल्यांबद्दल निर्णय घेता येत नाही, आणि स्थलांतर करायचं तर किमान तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. वाहनबंदीचा आदेश हा विक्रेते हटवण्याचा आदेश नव्हे. दोन्ही विषय एकत्र केले की दोन्ही अडतात.

पायरी सहावी: आधी प्रयोग, मग हरकती

पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन साजरा होतो, त्या दिवशी रस्त्याचा एक टप्पा वाहनांना बंद असतो. एका दिवसाचा असा प्रयोग नाशकातही मेन रोडवर किंवा गोदाघाटालगत करता येईल, आणि तो एक महिन्याच्या सवलतीत बसतो. त्यानंतर महिनाभराचा प्रायोगिक आदेश मागा. त्यातच ‘हरकती व सूचना अमुक तारखेपर्यंत वाहतूक शाखेकडे लेखी द्याव्यात’ असं वाक्य असावं. आलेल्या प्रत्येक हरकतीवर एक-दोन ओळींचं उत्तर तयार होऊ द्या. ती उत्तरंच पुढे न्यायालयात अधिकाऱ्यांनी विचार केल्याचा पुरावा ठरतात.

प्रयोगाच्या काळात तुमचे स्वयंसेवक फक्त माहिती देतील. गाडीची चावी काढणं, हवा सोडणं, पैसे घेणं यातलं काहीही नाही. दंडाची कारवाई गणवेशातल्या पोलिसाची. आणि तीसुद्धा चिन्ह लावलेलं असेल तरच न्याय्य ठरते. दोन्ही टोकांना आणि मधल्या प्रत्येक बोळाच्या तोंडाशी फलक हवा. त्यावर वेळ, वाहनाचा प्रकार आणि अपवाद मराठीत वाचता येतील अशा अक्षरात हवेत, सणाच्या फ्लेक्सखाली झाकलेले नकोत. फलकांचे फोटो तारखेसह काढून ठेवा.

पायरी सातवी: आदेश चुकीचा वाटला तर

आधी आदेशाची प्रत मिळवा. वाहतूक शाखेत किंवा महापालिकेच्या विभागीय कार्यालयात मागा. नाही मिळाली तर माहिती अधिकारात ‘नमुना अ’ भरा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत ठेवा. मागायचं काय? आदेश कोणत्या कलमाखाली काढला, अधिकार प्रदान करणाऱ्या शासन अधिसूचनेची प्रत, राजपत्रात प्रसिद्ध झाल्याची तारीख, महापालिकेचा आदेश असेल तर महासभेचा ठराव क्रमांक, फलक लावल्याची नोंद, आलेल्या हरकती. उत्तराला तीस दिवसांची मुदत आहे. नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील करा.

कागद हातात आल्यावर लगेच न्यायालयाकडे धावू नका. पोलीस उपायुक्त, वाहतूक यांना लेखी निवेदन द्या आणि नेमकं मागा: पास हवा, मालाची वेळ बदलून हवी, की अमुक बोळ वगळायला हवा. पूर्ण बंदी उठवा म्हणणाऱ्या अर्जापेक्षा असा अर्ज लवकर मार्गी लागतो. रस्ताही पायी चालणाऱ्यांकडे राहतो. कोणी खाजगीरीत्या सार्वजनिक वाट अडवली असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे अडथळा हटवण्याचा अर्ज करता येतो.

एवढ्यावर दाद मिळाली नाही, आणि अधिकार नसलेल्या अधिकाऱ्याचा आदेश, राजपत्राविना कायम केलेली बंदी किंवा घरी जायची वाटच बंद असा दोष कागदावरून दिसत असेल, तर अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. नाशिकची प्रकरणं मुंबईच्या मुख्य पीठाकडे जातात. वकिलाकडे जाताना आदेश, माहिती अधिकारातली उत्तरं, निवेदनाची पोच आणि फलकांचे फोटो तारीखवार लावून न्या.